ग्वाल्हेरला गेलेलं पत्र

बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात या प्रकरणाला "इंदिराराजांचं पत्र" एवढंच म्हणत. इंदिराराजे म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची मुलगी. आजीनं हे तिच्या आईकडून ऐकलेलं. तिच्या सांगण्यात मुलगी हट्टी, आईबाप हतबल, आणि नियोजित वर, ग्वाल्हेरचे शिंदे सरकार, बिचारे. ठरलेलं लग्न मुलीनं स्वतःच्या हातानं पत्र लिहून मोडलं, हे वाक्य आलं की आजी आवाज खाली आणायची.

गेली तीन वर्षं मी याच विषयावर कादंबरी लिहिते आहे. जवळची माणसं मसुदा वाचतात आणि विचारतात, त्या काळातली राजकन्या असं वागेल का? हे टिपण त्यांच्यासाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की ती आकाशातून पडली नव्हती. बडोद्यानंच तिला घडवलं, आणि तिनं जे केलं ते बापाच्याच शिकवणुकीचं होतं.

बाप म्हणजे सयाजीराव. जन्म 1863 चा, नाशिककडच्या कवळाण्याचा. आधीचे महाराज मल्हारराव यांना इंग्रजांनी पदच्युत केलं आणि 1875 मध्ये राजघराण्यातल्या विधवा राणी जमनाबाईंनी या बारा वर्षांच्या गोपाळला (हे सयाजीरावांचं मूळ नाव) दत्तक घेतलं. त्याचं खरं शिक्षण तिथून पुढे सुरू झालं. 1881 मध्ये कारभार हाती आल्यावर शिक्षण हाच त्यांचा ध्यास झाला. 1893 मध्ये संस्थानातल्या अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, मुलींसकट. 1904 मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा आणला. मुलीला 12 आणि मुलाला 16 ही किमान वयं. आज हे आकडे वाचून कसंतरी होतं, पण तेव्हा पाळण्यात लग्नं लागत होती.

पहिल्या राणीसाहेब 1885 मध्ये गेल्या. त्यानंतर देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई चिमणाबाई होऊन बडोद्यात आल्या. 1892 च्या फेब्रुवारीत जन्मलेल्या इंदिराराजे ही त्यांची एकुलती एक लेक. भावांसारखंच तिलाही शिकवलं, युरोप दाखवला, घोड्यावर बसवलं. इतर घराण्यांत मुलगी या वयाला सासरी नांदत असायची. हिचं लग्न मात्र अठरा वर्षांची होईपर्यंत कुणी ठरवलंही नाही.

मग ठरलं ते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. गायकवाड आणि शिंदे, मराठ्यांची दोन मोठी घराणी. सोयरीक म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. माधवराव इंदिराराजांहून पंधरा वर्षांनी मोठे. पहिली राणी होती, मूल नव्हतं, म्हणून हे दुसरं लग्न. माणूस कर्तबगार होता. आगगाड्यांचं त्यांना एवढं वेड की जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी गाडी फिरायची. पण राणीवसा पडद्यातला होता. लंडन-पॅरिस पाहिलेल्या मुलीला उरलेलं आयुष्य चिकाआड काढायचं होतं. त्यांना खलनायक करायचा मोह मलाही सुरुवातीला झाला. दोन प्रकरणं तशी लिहिली आणि फाडून टाकली. ते खोटं होतं.

1911 च्या डिसेंबरात दिल्ली दरबार भरला. 12 तारखेला पंचम जॉर्जसमोर एकेक संस्थानिक मुजऱ्याला जात होता. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात गेले, अंगावर दागिने नाहीत, हातात काठी. एकदाच वाकले आणि वळून चालू लागले. बादशहाकडे पाठ न करता मागं मागं यायचं, असा शिरस्ता होता. या दरबाराचं चित्रीकरण झालं, विलायतेत ते पडद्यावर दाखवलं गेलं, वर्तमानपत्रं तुटून पडली. महाराजांना व्हाइसरॉयकडे माफीपत्र धाडावं लागलं. ते पाठ फिरवणं मुद्दाम होतं की गडबडीत झालं, यावर बडोद्यात अजून वाद होतात. मला स्वतःला ते मुद्दामच केलेलं वाटतं.

त्याच दिवसांत, त्याच दिल्लीच्या तंबूंमध्ये, त्यांच्या मुलीची गाठ बंगालकडच्या कूचबिहार संस्थानच्या राजपुत्र जितेंद्र नारायणांशी पडली. दरबार उरकून सगळे बडोद्याला परतायच्या बेतात होते, तेवढ्यात इंदिराराजांनी कुणाला न सांगता माधवरावांना पत्र लिहिलं: मला हे लग्न करायचं नाही. ग्वाल्हेरात तेव्हा वरातीसाठी रस्ते रुंद करणं चाललं होतं. आईबापांना कळलं ते माधवरावांच्या तारेनं. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, एवढीच त्यांची विचारणा. पुढे त्यांनी सयाजीरावांना समजुतीचं पत्र लिहिलं आणि खाली "आपला मुलगा" अशी सही केली, ही हकीकत इंदिराराजांच्या मुलीनं, गायत्रीदेवींनी, नोंदवून ठेवली आहे. झिडकारलेल्या माणसाची ती सही वाचल्यापासून माझी कादंबरीच बदलली.

आता कूचबिहार का नको होतं, ते. एकतर ते मराठे नव्हते. जितेंद्र धाकटे, म्हणजे गादी थोरल्या भावाची. बडोद्याला 21 तोफांची सलामी, कूचबिहारला 13. आज हा हिशोब पोरकट वाटतो, तेव्हा त्यावर सोयरिकी ठरत. शिवाय ते घर ब्राह्मो समाजाच्या, म्हणजे बंगालमधल्या सुधारक धर्मपंथाच्या, वळणाचं. जितेंद्रांच्या आई सुनीतीदेवी या ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेनांच्या कन्या. ज्या केशवचंद्रांनी 1872 च्या विवाह कायद्यासाठी धडपड केली आणि मुलीचं वय किमान 14 असावं म्हटलं, त्यांनीच 1878 मध्ये आपल्या तेरा वर्षांच्या लेकीचं लग्न कूचबिहारात लावलं. त्यावरून ब्राह्मो समाज फुटला आणि साधारण ब्राह्मो समाज वेगळा झाला. म्हणजे सुधारक बाप आणि त्याच्या लेकीचं लग्न, या गाठीत ते घर एकदा आधीच अडकलं होतं.

बडोद्यातली गाठ उलट्या बाजूनं बसली. चिमणाबाईंचं स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक, एका सहलेखकाबरोबर लिहिलेलं, 1911 मध्येच छापून आलं. बायकांनी काय शिकावं, कोणते उद्योग करावेत, याचा त्यात विचार आहे. आणि त्याच वर्षाअखेर पोटची पोर म्हणते, मी माझं ठरवते. राणीसाहेबांना दुटप्पी म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही. मोडलेल्या सोयरिकीची लाज आईला कशी सोसावी लागते, हे मी आमच्या घरात जवळून पाहिलंय. पुढे 1927 मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी बसल्या त्या याच चिमणाबाई.

दीड वर्ष ओढाताण चालली. भेटीगाठींना बंदी, चोरून पत्रं, मुलीला घेऊन युरोपचे दौरे, जितेंद्रांना सज्जड समज. 1913 च्या फेब्रुवारीत इंदिराराजांना 21 पूर्ण झाली. ही तारीख मी भिंतीवर लावून ठेवली आहे. इंग्लंडचा कायदा घ्या नाहीतर आपला 1872 चा, 21 पूर्ण झालेल्या मुलीला लग्नाला बापाची संमती लागत नव्हती. त्याच वर्षी लंडनमध्ये लग्न लागलं. आईबापांनी अखेर होकार दिला, लग्नाला मात्र आले नाहीत. थोड्याच दिवसांत थोरले भाऊ राजेंद्र नारायण वारले आणि धाकटे जितेंद्र गादीवर आले. 1922 मध्ये जितेंद्रही गेले. पाच मुलं पदरात, वय तीस. राजपुत्र जगद्दीपेंद्र सज्ञान होईतो, 1936 पर्यंत, कूचबिहारचा कारभार इंदिराराजांनी पाहिला. हा भाग मी थोडक्यात उरकणार आहे. माझी कादंबरी लंडनलाच थांबते.

फक्त शेवटचं एक प्रकरण त्यापुढचं आहे. बापलेकीत समेट झाला होता, नातवंडं आजोळी बडोद्याला यायची. तिथल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात शिकवलेले पोपट होते. ते चांदीच्या एवढ्याशा सायकली चालवायचे, चांदीच्या गाड्या हाकायचे. पोरं खाली मांडी घालून बसलेली. खेळाच्या शेवटी एक पोपट पुढे यायचा आणि चांदीची चिमुकली तोफ उडवायचा.