ताठरता कमी होते तेव्हा रक्तवाहिन्या काय सांगत असतात

लैंगिक उत्तेजना आली की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर शिश्नात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्यामुळे रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, रक्त आत धावतं आणि स्पंजासारखे दोन दंडगोल फुगतात. फुगता फुगता ते रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबून धरतात, म्हणून रक्त आत टिकतं. रक्तवाहिन्यांमधलं नायट्रिक ऑक्साइडचं काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 साली नोबेल मिळालं. ताठरतेच्या गोळ्यासुद्धा याच वायूचा परिणाम लांबवतात.

त्यामुळे ताठरता टिकत नसेल तर ‘ताकद कुठे गेली’ यापेक्षा ‘रक्तवाहिन्यांचं अस्तर कसं आहे’ हे विचारणं जास्त उपयोगाचं. शिश्नाच्या रोहिणीचा व्यास 1 ते 2 मिलिमीटर, हृदयाच्या रोहिणीचा 3 ते 4. चरबीचा थर दोन्हीकडे साठतो, पण बारीक नळी आधी अडते. म्हणून छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधी ही तक्रार सुरू झालेली अनेकदा आढळते. चाळिशीच्या आसपास ती हळूहळू वाढत असेल तर रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्याच. कंबरही मोजा, आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर ही धोक्याची रेषा. पहाटे ताठरता नीट येते, पण जोडीदारासोबत येत नाही, असं असेल तर कारण बहुधा ताण किंवा भीती असतं. तेव्हा समुपदेशन लागतं.

मधुमेहात मार दुहेरी बसतो. वाढलेली साखर अस्तरही बिघडवते आणि मज्जातंतूही, त्यामुळे अशा रुग्णांवर ताठरतेच्या गोळीचाही परिणाम कमी दिसतो.

आता ताटाकडे येऊ. खारीक, शिलाजीत, कच्चं अंडं असा एखादाच ‘पौष्टिक’ पदार्थ शोधण्यात वेळ जातो; फरक पडतो तो रोजच्या जेवणाने. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग भाकरी किंवा भात, उरलेला पाव भाग उसळ, घट्ट वरण, मासे किंवा अंडी. पालक, चाकवत, माठ, बीट यांत नायट्रेट असतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं. जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरल्या तर हेच जिवाणू मरतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. तेल माणशी दिवसाला चार छोटे चमचे, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला अडीच लिटरच्या आत. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण यांतलंही धरायचं.

वजनाबद्दल इटलीतला 2004 सालचा एक अभ्यास फार बोलका आहे. ताठरतेची तक्रार असलेले 110 लठ्ठ पुरुष, दोन वर्षं. निम्म्यांना वजन किमान दहा टक्के कमी करण्यासाठी आहार-व्यायामाचं सविस्तर मार्गदर्शन मिळालं, उरलेल्यांना फक्त सर्वसाधारण सल्ला. पहिल्या 55 पैकी 17 जणांची ताठरता पूर्ववत झाली, दुसऱ्या 55 पैकी फक्त तिघांची.

व्यायाम आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी 40 मिनिटं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. परिणामासाठी सहा महिने द्या. अनेक जण थोड्याच आठवड्यांत सोडून देतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणतात.

तंबाखूला मात्र कसलीही सवलत नाही. विडी-सिगारेट असो, मशेरी असो की चुना लावून मळलेली चिमूट, निकोटीन रक्तात उतरतंच आणि वाहिन्या आकसतात. दारू संकोच घालवते, पण मज्जातंतू सुस्त करते.

झोपेचा संबंध टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाशी आहे. एका प्रयोगात निरोगी तरुणांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी घसरलं. हे संप्रेरक सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी 7 ते 10 मध्ये, उपाशीपोटी द्यावं. दुपारचा अहवाल फसवा असतो. एकच अहवाल कमी आला म्हणून उपचार सुरू करू नयेत, चाचणी पुन्हा करावी. जिममध्ये मिळणारं इंजेक्शन तर मुळीच घेऊ नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना संदेश देणं थांबवतो आणि शुक्राणू शून्यावरही जाऊ शकतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे इंजेक्शन थांबवल्यावरही ते परत यायला कित्येक महिने जातात.

‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेच्या गोळीतलंच औषध, मिसळलेलं सापडलं आहे. हृदयरोगासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने अशी पुडी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. छातीत दुखून रुग्णालयात जावं लागलं तर लाज न बाळगता डॉक्टरांना आधी हे सांगा: कोणती पुडी किंवा गोळी घेतली, आणि किती वाजता.