ताकाता एअरबॅग रिकॉल

जपानमधील ताकाता कॉर्पोरेशन या कंपनीने बनवलेल्या एअरबॅगांतील सदोष, स्फोट होऊन फुटू शकणारे इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) बदलून देण्यासाठी २००८ पासून निरनिराळ्या मोटार उत्पादकांनी हाती घेतलेल्या मोहिमा एकत्रितपणे या नावाने ओळखल्या जातात. मोटार उद्योगाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा सुरक्षा रिकॉल मानला जातो. एकट्या अमेरिकेत १९ उत्पादकांच्या गाड्यांतील सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर त्यात आले, आणि जगभरातील संख्या साधारणपणे १० कोटींच्या घरात धरली जाते. मराठी वृत्तपत्रांत अशा वेळी ‘कंपनीने गाड्या परत मागवल्या’ असे लिहिले जाते. त्यावरून गाडी कारखान्यात जमा करावी लागते असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात मालकाने गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्यायची असते, तेथे दोषी भाग विनामूल्य बदलला जातो आणि गाडी बहुधा त्याच दिवशी परत मिळते.

ताकाताची स्थापना १९३३ मध्ये शिगा प्रांतात ताकेझो ताकादा यांनी कापड व्यवसाय म्हणून केली. पुढे कंपनी सीटबेल्ट आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एअरबॅग बनवू लागली. एअरबॅगचे कार्य ज्यावर अवलंबून असते तो इन्फ्लेटर म्हणजे एक लहान पोलादी डबी असून तिच्यात घन प्रणोदकाच्या वड्या किंवा गोळ्या असतात. टक्कर होताच संवेदकाच्या इशाऱ्याने प्रणोदक पेटतो आणि त्यापासून निघालेल्या वायूने पिशवी काही शतांश सेकंदांत फुगते. ताकाताने आधी सोडियम अझाइड व नंतर टेट्राझोल वर्गातील संयुगे वापरली. २००० च्या सुमारास तिने अमोनियम नायट्रेटचा स्वीकार केला. हा पदार्थ स्वस्त आहे आणि जळताना मागे फारसा अवशेष ठेवत नाही. परंतु तो हवेतील ओलावा शोषून घेतो आणि साधारण ३२° से. तापमानाच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलून आकारमानात फरक पडतो. दुसरा दोष आवरण्यासाठी त्यात पोटॅशियम नायट्रेट मिसळून तो ‘स्थिर’ केला जात असे. ओलाव्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता.

स्फोटांच्या मूळ कारणाविषयी अनेक वर्षे मतभेद होते. २००८ ते २०११ या काळातील रिकॉलमध्ये दोष उत्पादनातील चुकीचा असल्याचे मांडण्यात आले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक येथील कारखान्यात विशिष्ट दाबयंत्रावर तयार झालेल्या वड्या पुरेशा घट्ट दाबल्या गेल्या नाहीत, असे त्याचे स्वरूप होते. २०१३ मध्ये त्यात मेक्सिकोतील मोनक्लोव्हा येथील कारखान्यात प्रणोदक दमट हवेत उघडा राहिल्याची आणि मोझेस लेक येथे सदोष वड्या आपोआप बाजूला काढणारी यंत्रणा बंद ठेवता येत असल्याची भर पडली. ही स्पष्टीकरणे खोटी नव्हती. मात्र त्यांच्यामुळे प्रत्येक रिकॉल ठराविक काळात बनलेल्या ठराविक संख्येपुरता मर्यादित राहिला, आणि त्या मर्यादेबाहेरचे इन्फ्लेटरही फुटतच राहिले. पुढे ताकाताने जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेकडे, तर दहा वाहन उत्पादकांच्या गटाने ऑर्बिटल एटीके या अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीकडे तपास सोपवला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑर्बिटल एटीकेने तीन गोष्टी एकत्र आल्यावर स्फोट घडतो असा निष्कर्ष मांडला : ओलावा टिपणाऱ्या शोषकाविना वापरलेले अमोनियम नायट्रेट, ओलावा आत शिरू देणारी इन्फ्लेटरची बांधणी, आणि दमट हवेत वर्षानुवर्षे होणारा तापमानाचा चढउतार. अशा परिस्थितीत वड्या हळूहळू फुगतात व सच्छिद्र होतात. पेटल्यावर त्यांचा जळणारा पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा मोठा असल्याने दाब एकदम वाढतो, डबी फुटते आणि पोलादाचे तुकडे पिशवी भेदून चालक किंवा शेजारच्या प्रवाशाच्या अंगात शिरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञाचे मतही याला जुळते होते, आणि आज हेच स्पष्टीकरण अधिक ग्राह्य धरले जाते. कारखान्यातील चुकांनी काही इन्फ्लेटर लवकर निकामी केले असावेत. बाकीचे वयोमानाने त्याच अवस्थेला पोहोचले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

पहिली ज्ञात घटना २००४ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात होंडा अकॉर्ड गाडीत घडली, पण ती अपवादात्मक समजली गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये होंडाने सुमारे ४,००० गाड्यांसाठी पहिला रिकॉल काढला. मे २००९ मध्ये ओक्लाहोमात एका तरुणीचा मृत्यू झाला. २०१४ मध्ये फ्लोरिडातील एका अपघातात मृत महिलेच्या मानेवरील जखमा पाहून पोलिसांना प्रथम भोसकल्याचा संशय आला होता, यावरून या जखमांचे स्वरूप ध्यानात येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या याच सुरक्षा प्रशासनाने ताकातावर २० कोटी डॉलरपर्यंतचा दंड बसवला (त्यांपैकी ७ कोटी रोख भरायचे होते) आणि मे २०१६ मध्ये आणखी साडेतीन ते चार कोटी इन्फ्लेटर रिकॉलखाली आणले. चाचण्यांची खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून कंपनीने २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. तडजोडीची एकूण रक्कम १ अब्ज डॉलर होती, तीत पीडितांचा वाटा १२.५ कोटींचा होता. जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिची बहुतेक मालमत्ता चिनी मालकीच्या की सेफ्टी सिस्टिम्सने २०१८ मध्ये घेतली. अमेरिकेत २८ मृत्यूंची अधिकृत नोंद झाली असून जखमींची संख्या किमान ४०० आहे. मलेशियातही होंडा सिटीसारख्या गाड्यांत मृत्यू झाले. ऑस्ट्रेलियाने मार्च २०१८ पासून रिकॉल सक्तीचा केला. फ्रान्समध्ये २०२५ मध्ये एका मृत्यूनंतर सिट्रोएन सी३ व डीएस३ गाड्या दुरुस्तीपर्यंत न चालवण्याचा आदेश निघाला.

भारतात हे रिकॉल उत्पादकांनी स्वेच्छेने काढले. होंडा कार्स इंडियाने जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८ आणि जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० गाड्या तपासणीस बोलावल्या. त्यांत सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड या गाड्या होत्या. टोयोटा किर्लोस्करने कोरोला अल्टिससाठी असाच रिकॉल काढला. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०अ ने केंद्र सरकारला सक्तीच्या रिकॉलचा अधिकार दिला असून १ एप्रिल २०२१ पासून लागू नियमांनुसार कसुरी उत्पादकाला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरते आहेत. ताकाताचा दोष मुळात गाडी जुनी होत जाते तसा बळावणारा असल्याने, ज्या गाड्यांना धोका सर्वाधिक त्याच या मर्यादेबाहेर पडतात. ही उणीव गंभीर आहे.

त्यामुळे मालकाने पत्राची वाट न पाहणे हेच योग्य. कंपनीची सूचना बहुधा पहिल्या खरेदीदाराच्या पत्त्यावर जाते. गाडी दोन-तीन हातांतून गेली असेल तर ती सध्याच्या मालकापर्यंत पोहोचतेच असे नाही. आरसी पुस्तकावरील चेसिस नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर भरून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवून गाडी रिकॉलमध्ये आहे का ते पाहता येते. गाडीचे नाव व वर्ष एवढ्यावर निष्कर्ष काढू नये, कारण एकाच मॉडेलच्या काही गाड्यांत ताकाताचे, तर काहींत अन्य कंपनीचे इन्फ्लेटर असतात. चालकाची व शेजारची एअरबॅग स्वतंत्र रिकॉलमध्ये असू शकतात, म्हणून दोन्हींची चौकशी करावी. पूर्वी एकदा बदललेला भागही शोषकाविना असलेल्या त्याच प्रकारचा असेल, तर तो पुन्हा बदलावा लागतो. २००१ ते २००३ मधील काही होंडा गाड्यांतील ‘अल्फा’ इन्फ्लेटर चाचणीत ५० टक्क्यांपर्यंत फुटल्याने अमेरिकी प्रशासनाने त्या गाड्या चालवूच नयेत असे सांगितले आहे. उत्पादकाने तशी सूचना दिली असेल तर गाडी टो करून न्यावी. मुंबई, कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत तपासाचा निष्कर्ष पाहता दिरंगाई करू नये.

एअरबॅग स्वतः किंवा गल्लीतील गॅरेजमध्ये काढून टाकणे धोक्याचे आहे, आणि भंगारातून आणलेली एअरबॅग बसवल्यास रिकॉलमधील इन्फ्लेटर पुन्हा गाडीत येण्याची शक्यता राहते. जुनी गाडी विकत घेताना चेसिस नंबरवरून ही चौकशी व्यवहाराआधी करावी. काम झाल्यावर मिळणाऱ्या जॉब कार्डावर बदललेल्या भागाची नोंद आहे की नाही हे पाहून ते गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे, म्हणजे गाडी विकल्यास ते पुढच्या मालकाकडे जाते.