ग्रीक मृत्पात्रचित्रण

प्राचीन ग्रीकांनी भाजलेल्या मातीच्या भांड्यांवर केलेले चित्रण. ग्रीक भित्तिचित्रे व फलकचित्रे बहुतांशी नष्ट झाल्याने तेथील चित्रकलेचा मागोवा मुख्यतः या भांड्यांवरूनच घ्यावा लागतो.

मायसीनियन (कांस्ययुगीन ग्रीक) राजवाड्यांच्या विनाशानंतर, इ. स. पू. सु. १०५० पासून, अथेन्समध्ये कर्कटकाने काढलेल्या वर्तुळांची आद्यभौमितिक भांडी आढळतात. भौमितिक काळात (सु. ९००–७००) नक्षीपट्ट्यांनी सारे भांडे व्यापले. अथेन्सच्या डिपिलोन दफनभूमीतील दीड मीटरहून उंच अँफोरावर (दोन कानांच्या उभट कलशावर) (आठव्या शतकाचा मध्य) शवाभोवती शोक करणाऱ्या मानवाकृती आहेत. त्याही नक्षीच्याच शिस्तीत बसविलेल्या. पुढे पौर्वात्य व्यापारातून सिंह, स्फिंक्स, कमळे आली आणि सातव्या शतकात कॉरिंथमध्ये कृष्णाकृती शैली (मातीच्या रंगावर काळ्या आकृती, तपशील कोरून काढलेले) घडली. ती अथेन्सने उचलली. क्लीटिआसने चितारलेल्या फ्रान्स्वा कलशावर (सु. ५७०) दोनशेहून अधिक आकृती आहेत, मात्र या शैलीचा कळस एक्सेकिअस या अथेन्सच्या कुंभार-चित्रकाराच्या कामात मानणे अधिक योग्य.

या भांड्यांवरील चकचकीत काळा थर म्हणजे वेगळे रंगद्रव्य नव्हे. लोहयुक्त मातीच्याच अतिसूक्ष्म कणांचा तो लेप होय. प्रथम हवा खेळती ठेवून भांडे भाजल्यावर सर्वत्र लाली येई. नंतर झरोके बंद करून ओले लाकूड घातल्यास भट्टीत धूर कोंडे, क्षपण (मातीतील ऑक्सिजन काढून घेतला जाणे) होई आणि सारे भांडे काळवंडे, सु. ९००° से. तापमानाजवळ लेपाचे कण वितळून एकजीव होत. पुन्हा हवा आत सोडली की सच्छिद्र माती लाल होई, पण घट्ट झालेला लेप काळाच राही. टेओडोर शूमान या जर्मन रसायनज्ञाने १९४२ मध्ये ही प्रक्रिया पुन्हा साधून दाखविली.

इ. स. पू. सु. ५३०–५२० मध्ये अथेन्समध्ये आलेल्या रक्ताकृती शैलीत भाजणीची रीत बदलली नाही, रेखन उलटले : पार्श्वभूमी लेपाने भरून आकृती मातीच्या रंगात राखल्या जाऊ लागल्या. कोरण्याऐवजी कुंचला आल्याने स्नायू, वस्त्रांच्या चुण्या मोकळेपणी दाखविता आल्या. जनकत्व सामान्यतः अँडॉकिडीझ या कुंभाराच्या अनामिक चित्रकाराकडे दिले जाते, तर काहींच्या मते ते सायॅक्स या चित्रकाराचे. एका बाजूस कृष्णाकृती व दुसरीस रक्ताकृती असलेल्या अँफोरांवर एकच हात आहे की दोन, हा वाद जुना आहे. ब्रिटिश कलाभ्यासक जॉन बीझ्ली यांनी अखेरीस दोन चित्रकार मानले आणि काळ्या बाजूंचे श्रेय लिसिपिडीझ चित्रकारास दिले. शैलीचा पुरावा त्याच बाजूस झुकतो.

पाचव्या शतकात थडग्यांसाठी श्वेतभूमी (पांढऱ्या पार्श्वभूमीची) लेकिथॉस ही तेलाची उभट भांडी बनत. चौथ्या शतकात दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहतींतही रक्ताकृती भांडी विपुल घडविली गेली. त्या शतकाच्या अखेरीस अथेन्समधील ही शैली संपुष्टात आली.