दोन्ही अँजिओच, मग पुन्हा का?

डिचोलीच्या बाजारात कुणी ‘माझी अँजिओ झाली’ म्हटले, की समोरचा हमखास विचारतो, ‘स्प्रिंगा किती घातल्या?’ अँजिओग्राफी म्हणजे तपासणी आणि अँजिओप्लास्टी म्हणजे फुगा-स्टेंटचा उपचार, हा घोळ तसा जुना. आता तो बऱ्याच जणांच्या डोक्यात सुटला आहे. पण त्याच्या जागी दुसरा आला आहे, आणि तो थेट आमच्याच घरात झाला.

बापूकाकांना चढण चढताना छातीत आवळल्यासारखे व्हायचे. पणजीत एका ठिकाणी त्यांची ‘अँजिओ’ झाली आणि त्याच दुपारी ते घरी येऊन जेवले. अहवालात एका रक्तवाहिनीत ५० ते ६९ टक्के अडथळा लिहिला होता. महिन्याभराने हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, अँजिओग्राफी करावी लागेल. काका तडकले. ‘अरे, केली ना एकदा! परत कसली करतात?’

काकांची झाली होती ती सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. डॉक्टर म्हणत होते ती कॅथेटर अँजिओग्राफी. दोन्हींत आयोडीनयुक्त डाय सोडून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या क्ष-किरणांनी पाहतात, म्हणून आडनाव एक. साम्य जवळपास तिथेच संपते.

सीटीत डाय हाताच्या शिरेतून जातो, सलाइनची सुई टोचतात तसा. तो आधी हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतो, मग फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतो, तिथून महाधमनीत आणि शेवटी हृदयाच्या वाहिन्यांत. तो नेमका तिथे पोचला की यंत्र काही सेकंदांत फिरून चित्रे घेते. तेवढा वेळ श्वास रोखायचा. हृदय मात्र रोखता येत नाही, म्हणून छातीला ईसीजीच्या तारा लावून दोन ठोक्यांमधल्या शांत क्षणाची चित्रे वेचतात. नाडी साठच्या आसपास असली तर तो क्षण पुरेसा लांब मिळतो. त्यासाठी आधी नाडी मंदावणारी गोळी देतात आणि सकाळचा चहा-कॉफी बंद करतात. काकांचा निम्मा राग या चहाचाच होता. डाय आत गेल्यावर अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाली की काय असे वाटते. कुणी आधी सांगून ठेवले तर बरे. काकांना कुणी सांगितले नव्हते.

कॅथेटर अँजिओग्राफीत शीर नाही, धमनी. पूर्वी बहुतेक जांघेतून करत, आता बहुधा मनगटातून करतात. जागा बधिर करून जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची नळी महाधमनीपर्यंत सरकवतात, तिचे टोक हृदयाच्या वाहिनीच्या तोंडाशी टेकवतात आणि डाय थेट तिथेच सोडतात. पडद्यावर हलते चित्र दिसते. रुग्ण जागा असतो, डॉक्टरांशी बोलू शकतो. नंतर मनगटावर काही तास दाबपट्टा.

हे टोक थेट हृदयाच्या वाहिनीत जाऊ देणे जीवघेणे ठरेल, असे एके काळी मानत. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे हृदयरोगतज्ज्ञ मेसन सोन्स महाधमनीचे चित्र काढत असताना नळी चुकून उजव्या वाहिनीत सरकली आणि डायचा मोठा फवारा तिथेच गेला. रुग्णाचे हृदय क्षणभर थांबले. त्याला खोकायला लावल्यावर पुन्हा सुरू झाले. त्या चुकीतून ही तपासणी जन्माला आली. सीटीचा मार्ग वेगळा आणि लांब. १९७१ साली लंडनला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला, पण एकेका चित्राला मिनिटे लागत. मेंदू निपचित पडून राहतो म्हणून ते चालून गेले. धडधडणारे हृदय टिपण्याइतका वेग यायला तीन दशके लागली.

आता मुख्य फरक. कॅथेटरच्या चित्रात डाय जिथे वाहतो तेवढी जागा दिसते, म्हणजे वाहिनीची पोकळी. वाहिनीची भिंत दिसत नाही. सीटीत पोकळीबरोबर भिंतही दिसते.

खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी खारे पाणी अडवून केलेल्या शेतीचा, बांध ज्याने पाहिला आहे त्याला हे एका वाक्यात कळेल. पोयीतले, म्हणजे बांधाआतल्या पाणवाटेतले, पाणी नेहमीसारखे भरभरून वाहत असते, मानशीची (पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपेची) दारेही ठीक असतात, पण आत कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) बिळे करून बांध पोखरलेला असतो. पाण्याकडे पाहून ते समजत नाही. हृदयाच्या वाहिनीतही चरबीचा थर आधी भिंतीत साचतो, आणि वाहिनी बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देते. सेमोर ग्लॅगोव्ह या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९८७ साली दाखवले, की थराने वाहिनीच्या छेदातली साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली पोकळी कमी झालेली दिसतही नाही. बांध मात्र कुठेही फुटू शकतो. हार्ट अटॅक पुष्कळदा असा थर फाटून त्यावर गुठळी बसल्याने येतो, आणि तो थर आदल्या दिवसापर्यंत फारसा आड येत नसेल, असेही होते.

म्हणून कॅथेटरच्या अहवालात ‘नॉर्मल’ वाचून पेढे वाटणाऱ्यांनी थोडे जपून वाटावे, असे मला वाटते. तो ‘नॉर्मल’ पोकळीपुरता असतो.

भिंत दिसल्याने रुग्णाला काय मिळते, हे स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट या अभ्यासाने छान दाखवले. छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या ४१४६ जणांपैकी निम्म्यांच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या, निम्म्यांच्या त्या तपासण्या अधिक सीटी अँजिओ. २०१८ मध्ये पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचे प्रमाण पहिल्या गटात ३.९ टक्के, सीटीच्या गटात २.३ टक्के. कुणालाही वाटेल, सीटीवाल्यांना स्टेंट जास्त घातले असतील. तसे काही नव्हते. पाच वर्षांअखेर कॅथेटर तपासण्या, स्टेंट, बायपास यांचे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. फरक होता गोळ्यांचा. भिंतीतला थर डोळ्यांनी दिसल्याने सीटीच्या गटात स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि ॲस्पिरिनसारखी औषधे जास्त लोकांना सुरू झाली, आणि संशोधकांनी फायद्याचे श्रेय मुख्यतः त्यालाच दिले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तर २०१६ मध्येच अशा दुखण्यासाठी सीटी ही पहिली तपासणी ठरवली होती.

दोघींना समोरासमोर उभे केले ते डिस्चार्ज या युरोपीय अभ्यासाने. २६ केंद्रे, ३५६१ रुग्ण, सगळ्यांना स्थिर स्वरूपाचे छातीचे दुखणे. साधारण साडेतीन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात मिळून सीटीच्या गटात २.१ टक्के आणि कॅथेटरच्या गटात ३ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस ठरला नाही. प्रक्रियेमुळे झालेल्या मोठ्या गुंतागुंती मात्र सीटीच्या गटात ०.५ टक्के आणि कॅथेटरच्या गटात १.९ टक्के, हा फरक स्पष्ट होता. हे निष्कर्ष २०२२ चे.

मग सगळ्यांचीच सीटी का नको? कारण सीटीचे डोळे चुन्याने दिपतात. वाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचले असेल तर ते चित्रात प्रत्यक्षाहून जाडजूड दिसते आणि अडथळा फुगवून सांगितला जातो. वयस्क, मधुमेही, डायलिसिसवरचे रुग्ण यांच्यात हे फार. बारीक स्टेंटच्या आतलेही नीट दिसत नाही. नाडी वेडीवाकडी असेल तर चित्र पुसट येते. सीटीने ‘काही नाही’ म्हटले तर त्यावर बिनदिक्कत विसंबावे, पण ‘साठ टक्के आहे’ म्हटले तर थोडे थांबावे.

आणि छातीत प्रचंड कळ, घाम, ईसीजीत हार्ट अटॅकची खूण, अशा वेळी सीटीचा विचारही करायचा नसतो. १०८ ला फोन. गोव्यात स्टेमी (हार्ट अटॅकचा एक गंभीर प्रकार) योजनेखाली तालुक्याच्या केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, पोचवण्याची सोय आहे. अशा वेळी थेट कॅथलॅब, म्हणजे कॅथेटर अँजिओग्राफीची खोली, लागते, कारण तिथे तपासणीची नळी आधीच आत असते. अडथळा दिसला की त्याच वाटेने फुगा आणि स्टेंट.

एक आपल्याकडचा गैरसमज जाता जाता. ‘मला सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी आहे, म्हणजे आयोडीनचा डाय चालणार नाही’ असे सांगणारे भरपूर भेटतात. सुंगटांची ॲलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनशी तिचा संबंध नाही. डॉक्टरांना सांगायचे ते वेगळे: पूर्वी डाय घेतल्यावर पुरळ किंवा दम लागला होता का, दमा आहे का, मूत्रपिंड कसे आहे, मधुमेहाची कुठली गोळी चालू आहे. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) अहवाल दोन्ही वेळा मागतात, कारण डाय दोन्हीकडे तोच.

तर काकांकडे परत. पणजीच्या त्या ठिकाणी फक्त कागदाचा अहवाल दिला होता, सीडी मागूनही दोन फेऱ्या माराव्या लागल्या. ती पाहून डॉक्टरांनी दाखवले, की अडथळ्याच्या जागी चुना बराच आहे, साठ टक्के खरे की फुगवलेले ते सांगता येत नाही. शिवाय खरे असले तरी त्याने रक्त अडते का, हा प्रश्न वेगळाच. २००९ च्या फेम अभ्यासातल्या रुग्णांत ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी जेमतेम ३५ टक्केच रक्तप्रवाहाला खरोखर नडत होते. हे मोजायला केसासारखी तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि औषधाने प्रवाह वाढवून पुढचा आणि मागचा दाब ताडून पाहतात. गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आले तर स्टेंटचा विचार. सीटीच्या चित्रांवरून संगणकाने असा अंदाज काढण्याचे तंत्रही आले आहे, पण तार आत असली की अंदाजाची गरज उरत नाही.

शेवटी काकांची कॅथेटर अँजिओग्राफी झाली, त्यात हे गुणोत्तर ०.८६ आले. स्टेंट नाही. संध्याकाळी मनगटाचा पट्टा सैल केला, दुसऱ्या दिवशी घरी.

घरी सोडतानाच्या कागदावर बाकीच्या दोन वाहिन्यांपुढे ‘नॉर्मल’ लिहिले होते. तरी डॉक्टरांनी स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली. काकांनी कारण विचारले तेव्हा त्यांनी ती जुनी सीडी पुन्हा लावली आणि त्याच दोन वाहिन्यांच्या भिंतीतले थर बोट ठेवून दाखवले.