कंबरेचा माग आणि पायांचा माग: माया कापड नेमकं कोणी विणलं?

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात माया या तिथल्या मूळ रहिवासी समाजातली बाई बाजाराला निघाली की तिच्या अंगावर दोन मुख्य वस्त्रं असतात. वर वीपिल, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल झगा. खाली कोर्ते, म्हणजे कंबरेभोवती लपेटून पट्ट्यानं बांधलेलं लांब कापड. काकचिकेल या माया भाषेत त्यांची नावं पोत आणि उक. बघणारा दोन्हींना मिळून ‘माया बायकांचं हातमागाचं काम’ म्हणून मोकळा होतो. ते निम्मंच खरं. वीपिल बहुतेक वेळा बाईनं विणलेलं असतं, तर तिच्याच अंगावरचं कोर्ते बहुतेक वेळा पुरुषानं. माग वेगळे, त्यांची वयंही वेगळी.

बाईचा माग म्हणजे कंबरेचा माग. त्याला माग तरी कशाला म्हणावं? दोन्ही टोकांना दोन दांडके, मध्ये ताण्याचे धागे, सूत ठोकायला एक गुळगुळीत लाकडी पट्टी आणि आणखी चार-दोन काड्या. वरचा दांडका झाडाला किंवा खांबाला बांधायचा आणि खालच्याला लावलेला पट्टा कंबरेमागून घ्यायचा. बाई चटईवर गुडघे टेकून बसते. मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे झुकली की सैल. तिचं शरीर हाच मागाचा अर्धा भाग. ती उठली की उरतो काड्यांचा जुडगा, गुंडाळून कोपऱ्यात ठेवण्यासारखा. मूल रडलं, चुलीवरचं उतू गेलं, तरी काम मोडत नाही, थांबतं फक्त. नक्षीचे जादा धागे ती बोटांनी एकेक करून भरते, म्हणून चांगल्या वीपिलला काही महिने सहज जातात. (आपल्याकडे नागालँड-मणिपूरच्या बायकाही असाच माग कंबरेला बांधतात.)

पायांचा माग स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणला आणि शिकवला तो पुरुषांना. लाकडी चौकट, फणी, धोटा, पायानं दाबायच्या पट्ट्या. त्यावर भराभर, वारच्या वार कापड निघतं. कोर्त्याला तेच लागतं, कारण ते नुसतं कंबरेला गुंडाळायलाच कित्येक वार जातं. साल्काखा गावचं ‘हास्पे’ कापड यासाठी नावाजलेलं आहे. त्यात सूत विणण्याआधीच जागोजागी बांधून रंगवतात. पोचमपल्लीची साडी पाहिलेल्याला ती पुसट कडांची नक्षी लगेच ओळखू येईल.

फरक ओळखायचा तर नक्षीकडे पाहू नका, कडा पाहा. कंबरेच्या मागावरच्या तुकड्याला बऱ्याचदा चारही बाजूंनी पक्का काठ असतो, कारण तो कापून काढलेलाच नसतो. त्याची रुंदी बाईचे हात जिथवर सहज पोचतील तेवढीच. म्हणूनच वीपिल दोन किंवा तीन पट्ट्या जोडून बनतं आणि तो जोड लपवण्याऐवजी रंगीत टाक्यांनी मिरवतात. पायमागाच्या कापडाला काठ दोनच, उरलेल्या दोन कडा कापलेल्या. आता काही बायका पायमागही चालवतात, त्यामुळे कापडावरून माग बहुधा कळतो, हात मात्र नव्हे.

जुन्या काळात दुसरा माग नव्हताच. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळच्या हाइना बेटावर साधारण 600 ते 900 या काळातल्या मातीच्या मूर्ती सापडल्या. त्यांतली एक बाई असाच माग कंबरेला लावून बसली आहे, समोरच्या खुंटावर पक्षी. याश्चिलान या प्राचीन माया नगरातल्या, दारावरच्या एका दगडी पट्टीवर 709 सालचा प्रसंग कोरलाय: राणी काबाल शोक जिभेतून काटेरी दोर ओढून रक्त अर्पण करते आहे. भीषण दृश्य आहे, पण माझी नजर दरवेळी तिच्या वीपिलवर जाते. त्यावरची शंकरपाळ्यांची नक्षी शिल्पकारानं धागा न धागा मोजल्यासारखी कोरली आहे. मेक्सिकोतल्या चियापास राज्याच्या गावांत शंकरपाळी आजही विणतात.

म्हणून ‘माया बाई घरी बसून विणायची’ हे वाक्य मला खटकतं. घरी बसून ती कर विणत होती. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या गावांकडून सुती कापडाचे ठाण खंडणी म्हणून घेत, आणि ते विणायच्या बायकाच. युकातानमध्ये बाळाला पहिल्यांदा कडेवर घेण्याचा विधी असतो, हेत्समेक. मुलीचा तिसऱ्या महिन्यात, कारण चुलीचे दगड तीन. मुलाचा चौथ्यात, कारण शेताचे कोपरे चार. त्या वेळी तान्ह्या मुलीच्या हातात सुई टेकवतात.

वीपिलवरून गावही कळतं. ग्वाटेमालाच्या यादवी युद्धात, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, हीच ओळख जिवावर बेतू लागली आणि कित्येकींनी ते घालणं सोडलं. आज दुखणं वेगळं आहे: नक्षी बाईची, नफा कंपनीचा. 2016 साली ग्वाटेमालातल्या विणकर बायका थेट घटना न्यायालयात गेल्या. गावाच्या नक्षीवर गावाचा सामूहिक हक्क माना, ही त्यांची मागणी. पुढच्या वर्षी न्यायालयानं कायद्याचा विषय संसदेकडे सोपवला. तोवर बाजारात तिसराच प्रकार येऊन बसला होता: वीपिलची नक्षी यंत्रावर छापलेलं स्वस्त कापड. ते उलटून पाहिलं की मागची बाजू कोरी निघते.