घरगुती रसायनप्रयोग व रेणुप्रतिकृती (पुणे)

स्वयंपाकघरातील व बाजारातील नित्याचे पदार्थ घेऊन रासायनिक बदल घडवून पाहणे आणि त्या बदलात अणूंची जुळणी कशी पालटली ते काड्या, माती, मणी यांच्या प्रतिकृतींनी मांडणे, असा हा दुहेरी उपक्रम आहे. लिंबू व खाण्याचा सोडा, चुन्याच्या निवळीत फुंकर, जास्वंदीच्या पाकळ्यांचा दर्शक हे प्रयोग शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचे असल्याने येथे त्यांचा विस्तार केलेला नाही.

प्रतिकृतींचा उगम : रेणूची पहिली प्रतिकृती कोणाची, याबद्दल एकमत नाही. जॉन डाल्टन यांच्यासाठी पीटर युअर्ट यांनी १८१० च्या सुमारास लाकडी गोळे करून दिले होते, म्हणून काही जण मान डाल्टन यांना देतात. मात्र अणू संख्येने किती व कोणाशी जोडलेले, हे दाखवणाऱ्या जोडकामाचा पहिला ठळक दाखला जर्मन रसायनशास्त्रज्ञ आउगुस्ट व्हिल्हेल्म होफमान यांचा आहे. ७ एप्रिल १८६५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात त्यांनी क्रोकेच्या खेळातील लाकडी चेंडू रंगवून नळ्यांनी जोडून दाखवले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा हे त्यांचे रंग आजही शालेय संचांत टिकून आहेत. (कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये घरच्या प्रयोगशाळेत तयार करणारा अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हा होफमान यांचाच विद्यार्थी.)

होफमान यांच्या जोडणीत एक मोठी उणीव होती. त्यांचा मिथेन सपाट होता. मध्ये कार्बन आणि चारी बाजूंना एकाच पातळीत हायड्रोजन. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) टोकांकडे वळवणारी प्रतिकृती रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८६७ मध्ये मांडली. त्या आकाराचा रासायनिक अर्थ मात्र १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे लावला. व्हान्ट हॉफ यांनी पुठ्ठ्याची चतुष्फलके करून ती इतर शास्त्रज्ञांना पाठवली होती. अध्यापनाची परंपरा होफमान यांच्यापासून धरावी आणि अवकाशीय प्रतिकृतीची व्हान्ट हॉफ यांच्यापासून, हे अधिक सयुक्तिक वाटते.

हा वाद इथे सविस्तर देण्याचे कारण असे, की होफमान यांची चूक घरोघरी नव्याने होते. शाडूच्या गोळ्यात चार काड्या खोचायला दिल्या की मूल त्या हमखास पाटावर आडव्या खोचते. त्याला चुकीचे म्हणण्यापेक्षा सारखे फुगवलेले चार फुगे एका गाठीत बांधून हातात द्यावेत. फुगे एकमेकांना रेटत आपोआप चतुष्फलकाचा आकार घेतात, आणि दोन बंधांमधला १०९.५ अंशांचा कोन पाठ करावा लागत नाही.

काडी आणि व्हॉल्व्ह ट्यूब : आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडण्याची पद्धत अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या (सुरुवात १९७२) संदर्भात विकसित केली, काळ साधारणपणे १९७० च्या दशकाची अखेर. पुढे ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करत असताना ही पद्धत येथील अनेक शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली. सायकलींच्या शहरात ट्यूब मिळणे अवघड नव्हतेच. ट्यूब लवचिक असल्याने बंधांचे कोन ढळतात, हा तिचा दोष. पाण्याच्या रेणूसाठी १०४.५ अंशांचा कागदी कोन कापून त्यावर काड्या बसवून पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय.

गणपतीची बादली : पुण्यातील सर्वांत मोठा घरगुती रसायनप्रयोग बहुतेक जण प्रयोग म्हणून करतच नाहीत. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (स्थापना १९५०) प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची रीत सुचवली आणि साधारण २०१६ पासून पुणे महानगरपालिकेने तिचा प्रसार करत हे चूर्ण घरगुती विसर्जनासाठी वाटले. (बेकरीत बिस्किटे फुलवायलाही हाच क्षार वापरतात.)

वाळलेली मूर्ती खरे पाहता जिप्समची, म्हणजे दोन रेणू पाणी धरून बसलेल्या कॅल्शियम सल्फेटची असते. द्रावणात तिचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसते, अमोनियम सल्फेट पाण्यात राहते आणि कार्बन डाय-ऑक्साइड बुडबुड्यांनी निघून जातो. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते. मूर्तीच्या वजनाइतके चूर्ण घ्या, ही सूचना या हिशेबातून येते. क्रियेला दिशा मिळते ती विद्राव्यतेतल्या फरकामुळे. जिप्सम लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम विरघळते, कॅल्शियम कार्बोनेट त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. सुटणारे कॅल्शियम असे सतत खाली बसत जाते आणि मूर्ती झिजत राहते.

जवळून पाहावे. पहिल्या काही तासांत बोटे, कान, मुकुटाची टोके अशा पातळ भागांवर बारीक बुडबुडे धरतात. रंगाचा थर सालीसारखा सुटतो. अधूनमधून ढवळले तर सुमारे ४८ तासांत तळाशी पांढरा गाळ उरतो. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, म्हणून बादली गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत ठेवावी. वरचे पाणी नत्रयुक्त खत असल्याने भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येते. मूर्तीचे रंग कसले आहेत याची खात्री नसेल तर भाजीच्या कुंड्यांना ते घालू नये. शाडूच्या मूर्तीला यातले काहीच लागत नाही, ती साध्या पाण्यात विरते.

हीच क्रिया प्रतिकृतींनी मांडली तर फार देखणी दिसते. सल्फेट हे चतुष्फलक, कार्बोनेट हा सपाट त्रिकोण. कॅल्शियमचा गोळा तोच, शेजार बदलतो. गोळा आणि त्रिकोण यांच्यात मात्र काडी जोडू नये. तिथे विद्युतभारांचे आकर्षण असते, सुटा रेणू नसतो.

कुंकवाचा लाल : हळद चुन्याने किंवा सोड्याने लाल होते आणि लिंबू पिळताच पुन्हा पिवळी. यावरून हळदीच्या कुंकवाचा रंगही अल्कलीमुळेच येतो, असे सर्रास सांगितले जाते. पण पारंपरिक कृतींत टाकणखाराबरोबर (बोरॅक्स) लिंबाचा रस असतो, आणि तरी कुंकू लालच राहते. टाकणखारातील बोरॉन हळदीतील कर्कुमिनशी लाल संयुग बनवतो व ते अम्लात टिकते. बोरॉनच्या मापनासाठी प्रयोगशाळेत कर्कुमिन वापरतात ते याच गुणामुळे. त्यामुळे निदान टाकणखाराच्या कुंकवापुरते बोरॉनचे स्पष्टीकरण अधिक पटते. घरी पाहायचे तर हळदीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकीवर चुना, दुसरीवर टाकणखार व लिंबूरस लावून दोन्ही वाळू द्याव्यात आणि मग दोन्हींवर लिंबाचा थेंब टाकावा. टाकणखार पोटात जाऊ देऊ नये. बाजारातले कुंकू या चाचणीला निरुपयोगी, कारण त्यात बहुधा कृत्रिम रंग असतो.

पाणी : खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यात साबणाचा फेस चटकन येतो, बोअरच्या पाण्यात साका धरतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी न विरघळणारे क्षार करतात. सारख्या बाटल्यांत सारखे पाणी घेऊन साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजले की सोसायटीतल्या दोन नळांची तुलना होते.

खबरदारी : तुरटी, नवसागर, चुना हे काष्ठौषधींच्या वा किराणा दुकानात मिळतात. मोरचूद विषारी आहे. ते स्वयंपाकाच्या भांड्यात घेऊ नये. कळीचा चुना पाण्यात टाकताना उसळून डोळ्यांत उडतो. कपड्यांचे ब्लीच आणि संडास धुण्याचे अम्ल कधीही एकत्र करू नये, क्लोरीन वायू सुटतो.