लघवीतले मेथॅम्फेटामिन आणि एसपीएमई फायबर : वापरण्याआधी वाचा

मेथॅम्फेटामिन बाष्पशील आहे. जुन्या रीतीने सॉल्व्हंटमध्ये काढून मग सॉल्व्हंट उडवू लागलात, तर त्याच्याबरोबर औषधही उडून जाऊ शकते. एसपीएमईमध्ये (सॉलिड-फेज मायक्रोएक्स्ट्रॅक्शन) हाच गुण आपल्या उपयोगी पडतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या यानुश पावलिशिन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पॉलिमरचा लेप दिलेला बारीक फायबर औषध ओढून घेतो. सॉल्व्हंट लागत नाही आणि साधारण एक मिलिलिटर लघवी पुरते.

सगळ्यात जास्त लक्ष पीएचकडे द्या. मेथॅम्फेटामिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे औषध आयनरूपात असते तो आकडा) १० च्या आसपास आहे. साध्या लघवीत ते आयनरूपात असते आणि द्रवातच राहते. पोटॅशियम कार्बोनेट घालून पीएच ११ च्या वर नेला की ते मोकळे होऊन व्हायलमधल्या (नमुन्याच्या बंद बाटलीतल्या) हवेत येते. मग व्हायल ७०-८० अंशांपर्यंत तापवा. त्याहून जास्त तापवण्याचा मोह टाळा, कारण फायबर फार तापला तर त्यावर औषध कमी बसते. फायबर हवेतच ठेवा, द्रवाला टेकू देऊ नका. लघवीतले क्षार आणि प्रथिने लेपावर चढली की तो फायबर लवकर बाद होतो. १०० मायक्रोमीटर पीडीएमएस (पॉलिडायमिथाइलसिलॉक्झेन) लेपापासून सुरुवात करा. जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफच्या) इंजेक्टरमध्ये २५० अंशांना औषध सुटते.

फायबर सगळे औषध काढत नाही, समतोलापुरता वाटाच उचलतो. म्हणून प्रत्येक नमुन्याला वेळ आणि तापमान तेच ठेवा, ड्युटेरियमयुक्त इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घातलेले, जड हायड्रोजन असलेले तेच औषध) सुरुवातीलाच घाला आणि कॅलिब्रेशन पाण्यात न करता औषधविरहित लघवीत करा. जास्त मात्रेच्या नमुन्यानंतर ब्लँक (औषध नसलेला नमुना) चालवल्याशिवाय पुढचा नमुना लावू नका. त्या आकड्यावर कुणाचा तरी खटला उभा राहणार असतो.

मॉर्फिनसाठी मात्र हा फायबर आमच्याकडून घेऊ नका. ते ध्रुवीय आहे, हवेत येत नाही. त्यासाठी एसपीई (सॉलिड-फेज एक्स्ट्रॅक्शन) कार्ट्रिज आणि एलसी-एमएस/एमएस (लिक्विड क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री) हाच मार्ग बरा.

आणखी एक गोष्ट. पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सेलेजिलिनपासून शरीरात वामवर्ती (l-) मेथॅम्फेटामिन तयार होते. साध्या कॉलमवर ते त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दक्षिणवर्ती (d-) रूपापासून वेगळे दिसत नाही. रुग्ण हे औषध घेत असेल, तर कायरल पद्धतीने (ही दोन रूपे वेगळी करणाऱ्या) खात्री केल्याशिवाय अहवालावर सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फायबर मागवताना जीसीचे मॉडेल कळवा आणि होल्डर हाताने वापरायचा की ऑटोसॅम्पलरचा, तेही लिहा.